कूलरपुढचा विलो

"बीमार नाहीये तो, असाच असतो." फाटकाची कडी काढायच्या आत शेजारच्या काकांचं हे वाक्य कानावर पडायचं. आलेला माणूस आधी झाडाकडे बघणार आणि चेहरा पाडणार, हे त्यांनी गृहीतच धरलेलं असे.

झाड होतं विलोचं. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा हा परदेशी भाऊबंद. फक्त याची कोवळी पानं गुलाबी, मग पांढरी, त्यावर हिरवे शिंतोडे. इंग्लंडला काकांच्या लेकीच्या अंगणात असं एक आहे. सहा वर्षांच्या नातीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, माझं झाड तुमच्याकडे आहे का? काका म्हणाले, आहे. बँकेत जन्मभर सरळ वागलेला हा माणूस नातीपुढे बेधडक खोटं बोलला आणि मग ते खरं करायच्या मागे लागला. डिसेंबरात ती येणार होती. तोवर झाड ग्वाल्हेरात टिकायला हवं होतं, आणि आमच्या उन्हाळ्यात इथे माणसंच जेमतेम टिकतात.

होळीच्या सुमारास पहाडावरच्या एका नर्सरीतून कुंडीतलं झाड आलं. सिटी सेंटरच्या आमच्या कॉलनीत ज्याला त्याला त्याची दया आली. आमच्या आईने किडीवर टाकायला राख पाठवली. दूधवाल्याने विचारलं, "बाबूजी, इसपे चूना गिर गया क्या?" काकांनी सगळ्यांना तेच वाक्य ऐकवलं, दूधवाल्याला हिंदीत.

मे महिन्यात पानांच्या कडा करपायला लागल्या तसे काका उन्हाशी हातघाईवर आले. हिरवी जाळी झाली, वाळ्याचा पडदा झाला. एके दुपारी मी गेलो, तर खिडकीतल्या कूलरचं तोंड अंगणाकडे फिरवलेलं. झाड गार वाऱ्यात डुलत होतं आणि काकू आत पदराने वारा घेत बसल्या होत्या. झाडवेडे नवरे तुम्हीही पाहिले असतील, पण इतक्या थराला गेलेला मी तरी दुसरा पाहिला नाही.

"मला पण एक गमला आणा," काकू म्हणाल्या. "त्यात बसते, म्हणजे हवा लागेल."

"तू इथलीच आहेस," काका शांतपणे म्हणाले. "तुला आदत आहे."

चहाला आलेल्यांच्या पेल्यात उरलेलं पाणीही झाडालाच जाई. उष्टं चालतं त्याला, असं काकांचं म्हणणं. आम्ही पाठीमागे हसायचो, पण झाड जगलं. पावसाळ्यात तर असं फुटलं की काका जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून दाखवत.

दिवाळी झाली आणि पानं पिवळी पडून गळायला लागली. थंडी बाधली म्हणून काकांनी त्याला शाल गुंडाळली. शाल अर्थात काकूंची. तरी नात यायच्या आठवड्यात नुसत्या काड्या उरल्या. काकांचं जेवणात लक्ष लागेना. एकदा माझ्याकडे येऊन बसले आणि म्हणाले, "मी तिला आहे म्हणालो होतो रे."

नात आली ती थेट झाडाकडे गेली. काका फाटकाशीच थांबले, पुढे यायची त्यांची हिंमत होईना. पोरीने शाल काढली, काड्यांवर हात फिरवला आणि म्हणाली, "आजोबा, हे झोपलंय. माझं पण झोपलंय."

थंडीत या झाडाची पानं गळतातच, हे काकांना ठाऊक असेल असं लेक धरून चालली होती. काका हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. जागं झालं की फोटो पाठवायचा, असं नातीने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

जानेवारीच्या कडाक्यात काकांना ताप आला, मग छाती भरली. मी भेटायला गेलो तेव्हा चेहरा पांढराफटक झाला होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बीमार नाहीये मी, असाच असतो." मी हसलो. त्याच आठवड्यात ते गेले. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः फाटकाची कडी काढताना.

होळी जवळ आली तशी काड्यांना गुलाबी पानं फुटली. मी गेलो तेव्हा काकू दोन्ही हातांनी मोबाइल धरून झाडाचा फोटो काढत होत्या. तेवढ्यात फाटकाशी भाजीवाला थांबला आणि म्हणाला, अम्माजी, पेड़ में कुछ रोग लगा है.

"बीमार नहीं है," काकूंनी मागे न बघता सांगितलं. "ऐसा ही रहता है."

फोटो इंग्लंडला गेला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"कूलर पुसून अंगणाकडे फिरवून दे," म्हणाल्या. "उन्हं वाढतील आता. मला आदत आहे."