माझ्या गच्चीवरचा फोटो

गावातल्या बायांनो, आज डोकं फिरलंय म्हणून लिहिते.

आमच्या गल्लीत एकीच्या घरचे ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, सगळ्या मिळून थापतात. सकाळी माझे बिबडे थापायला माझ्या गच्चीवर शेजारची शाहीन आली होती. दुपारी तिचाच फोटो गल्लीच्या ग्रुपवर! खाली लिहिलेलं, ‘हे लोक थुंकतात, यांच्या हातचं खाऊ नका.’

टाकणारी माझी सख्खी जाऊ मंगल. फोटोपण तिनेच काढलेला.

विचारलं तर म्हणते, “आक्का, त्यात काय शे? बठ्ठा टाकतस.” म्हणे सगळेच टाकतात!

“अगं, शाहीनने वाटीत दिलेला बिबड्यांचा शिजवलेला घाटा तूच चाटूनपुसून खाल्लास ना सकाळी?”

फोटो अजून तिथंच आहे.

उद्या शाहीनच्या घरचे बिबडे. तिचा फोन आला, “भाभी, नका येऊ. मी एकटी थापते.”

मी जाणार. तुमच्यातल्या किती जणी येता?