किरणाची पिन

कागद कापण्याची यंत्रे बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत, कारण कारखाना तिच्या दिराच्या मालकीचा होता. यंत्र चालवणारी इलेक्ट्रॉनिक कार्डे मात्र तिच्या हातची. पात्याच्या पुढ्यात डोळ्यांना न दिसणारा एक किरण असे. त्यात हात आला की कार्डावरच्या चिपच्या एका पिनवर संकेत पडे आणि चिप हातातले काम टाकून पाते थांबवी. डोळ्यांत तेल घालून तिने ते बसवले होते. तरीही एके दिवशी पाते थांबले नाही आणि कटिंगमास्तरांची दोन बोटे गेली.

“वहिनींच्या कार्डाने दगा दिला,” असे दिराने चौकशीत सांगितले. काम लवकर उरकावे म्हणून किरण चुकवणारी तार त्यानेच जोडली होती आणि फरशीवरचे रक्त पुसण्याआधी त्यानेच ती काढली होती. जोडाच्या टोकांवरचे तार झाळल्याचे ताजे कथील तिने पाहिले होते. पण ऐकतो कोण? तिचे कारखान्यातले काम सुटले आणि तेव्हापासून ती एका जिन्यावरच्या खोलीत लिफ्टची बिघडलेली कार्डे दुरुस्त करी. मास्तर रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूने निघून जात. ते तिला सर्वांत जास्त झोंबे. राखेखालच्या विस्तवासारखा तिने राग जपला होता, आणि एका दुपारी दीर स्वतःच दारात येऊन उभा राहिला.

“वहिनी, नवी चिप घेतली. किरणाची पिन ढिम्म हलत नाही. उद्या गिऱ्हाईक यंत्र बघायला येतंय आणि आपला इंजिनिअर डोकं खाजवत बसलाय.”

“आपला?” तिने कथिलाचा धूर फुंकून बाजूला सारला.

“घरचंच काम आहे, वहिनी.”

“घरचं म्हणूनच येते, भाऊजी. परक्याचं असतं तर माफ केलं असतं.”

कारखान्यात मास्तर आता पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पट्ट्या चिकटवत बसत. त्यांनी मान वर केली नाही. वहिनींनी संकेत उगमापासून तपासत नेला. किरणात पट्टी धरताच पिनवरचा व्होल्टेज खाली येत होता. म्हणजे किरण शाबूत, तारही शाबूत. प्रोग्रॅममध्ये पिन चालू केलेली होती. हाक दारापर्यंत पोचत होती आणि आतली चिप मख्ख होती. मग तिने नव्याने घातलेली एकेक गोष्ट बंद करून पाहिली. किती काप झाले ते मोजणारा सेन्सर बंद करून किरणात पुन्हा पट्टी धरली, आणि पाते खाडकन थांबले.

या जातीच्या चिपमध्ये पिनांचे गट असतात, पण वेगवेगळ्या गटांतल्या एकाच क्रमांकाच्या पिनांना चिपला हाक मारायची वाट एकच. मागाहून नोंदवलेली पिन ती वाट घेते. आधीची मुकी होते आणि चिप त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मोजणीची हौस दिराची. त्यासाठी निवडलेल्या पिनचा क्रमांक नेमका किरणाच्या पिनचाच होता. मागून यायचे, जागा बळकावायची आणि आधीच्याची वाचा बंद करायची: कार्डात मालकाचा स्वभाव उतरला होता.

तिने मोजणीची तार वेगळ्या क्रमांकाच्या पिनवर नेली, प्रोग्रॅम बदलून चिपमध्ये भरला आणि दीर बाहेर फोनवर बोलत असताना पुठ्ठा घालून खात्री करून घेतली. कोणाला काही सांगितले नाही.

“झालं का?” दिराने आत येत विचारले.

“झालं. हात घाला.” तिचा पाय यंत्राच्या पॅडलवर होता.

“पुठ्ठा घालून बघू की.”

“पुठ्ठ्याला बोटं नसतात.”

“वहिनी, थट्टा पुरे.”

“माझं कार्ड दगा देतं असं म्हणणं असेल, तर हे सगळं पुसून मी घरी जाते, दगाबाज माल विकू नये. देत नसेल तर हात घाला. दोन्ही नको असेल, तर मास्तर इथेच आहेत. त्या दिवशी काय केलंत ते त्यांना सांगा.”

पट्टी चिकटवण्याचा आवाज थांबला. दिराने तिच्या पायाकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे. तिथे त्याला दयेचा मागमूस दिसला नाही. त्याचा हात आपोआप खिशात गेला.

“तार मी जोडली होती,” तो खाली बघत पुटपुटला.

“जमिनीला काय सांगता? तिची बोटं गेली होती का?”

“मास्तर, तार मीच जोडली. मीच काढली.”

मास्तर उठून जवळ आले. “दवाखान्यात माझ्या उशाशी बसून तुम्ही वहिनींना नावं ठेवलीत, मालक. आणि मी मान डोलावत होतो.”

वहिनींनी पॅडल दाबले आणि पाते सुटताच स्वतःचा हात त्याखाली घातला. वेगाने येणारे पाते बोटांच्या वर अधांतरी थबकले.

“तेव्हाही असंच थांबलं असतं,” ती मास्तरांना म्हणाली.

तिने मीटर पिशवीत टाकला. पिशवी मास्तरांनी उचलली, आणि दोघे दारापर्यंत गेल्यावर ती वळली.

“उद्या गिऱ्हाइकापुढे हात तुम्हीच घालायचा, भाऊजी. मास्तरांनी त्यांची दोन बोटं आधीच दिलीत.”

दिराचा हात अजून खिशातच होता.