पंपाच्या खोलीतला दामू

दर्याकाठच्या नवापूरचा दामू जन्मभर बोटीवर इंजिनवाला होता. तांडेल वर उभा राहून दर्या बघायचा, खलाशी जाळी ओढायचे, आणि दामू खाली खणात, डिझेलच्या वासात, कानात धडधड घेऊन बसलेला. म्हातारपणी किनाऱ्यावर बसून मोकळा वारा खायचा, एवढंच त्यानं ठरवलं होतं. पण बंदरावर पाय घसरला, ढोपराची वाटी फुटली, आणि मुलानं, केदारनं, त्याला बोईसरला आणलं. घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. वर चढवायला चौघे धावून आले. खाली उतरवायला कोणाला सवड झाली नाही.

केदार तारापूरच्या एका कंपनीत कामाला. आठवडाभर मशीनचा घरघराट ऐकून त्याचे कान विटलेले. रविवारी त्याला गाणं लागे, तेही तबकडीवरचं आणि नितळ. म्हणून त्यानं मुंबईहून एक जुना टर्नटेबल आणला आणि त्याला बसवायला हवेवर चालणारा आर्म, म्हणजे सुई धरायचा हात. साधा आर्म दारासारखा एका बिजागरीवर फिरतो. हा तसला नव्हे. एक गुळगुळीत दांडी, तिला केसाएवढी भोकं, भोकांतून हवा फुटते, आणि सुई धरणारी नळी त्या दांडीवरून, पण तिला न शिवता, तरंगत सरळ सरकते. दामूला पहिल्या दिवशी कौतुक वाटलं. पाण्यावर तरंगणारं त्यानं खूप बघितलं होतं, हवेवर तरंगणारं हे पहिलंच.

पण हवा द्यायला पंप लागतो आणि पंप बोंबलतो. गाण्याच्या खोलीत तो नको. गॅलरीत ठेवला तर शेजारी भांडायला उठले. केदारची बायको हिमानी म्हणाली, "माझ्या ओट्याखाली ते धूड आणलंस तर मी चालले माहेरी." मग ते धूड दामूच्या खाटेखाली गेलं. भिंतीला भोक पाडून हवेची नळी पलीकडे काढली. पलीकडे गाणं, अलीकडे पंप.

"तुला काय त्रास बाबा?" केदार म्हणाला. "जन्मभर इंजिनाशेजारीच झोपलास की."

"इंजिन बंदराला तरी पोचवायचं रे," दामू म्हणाला. "हा कुठं नेतो?"

पहिला पंप माशांच्या टाकीचा, नुसता गुरगुरणारा. हवा कमी पडते म्हणून त्याचे दोन झाले. मग पालघरच्या कोणा दातांच्या डॉक्टरचा जुना कॉम्प्रेसर आला. हवेला हिसके बसू नयेत म्हणून केदारनं जाड प्लास्टिकच्या पाइपाची दोन्ही तोंडं बंद करून टाकी बनवली, तीही त्याच खोलीत. टाकीत सारखं पाणी धरायचं, दर्याकाठची हवा ती. ते चावी सोडून काढायचं काम दामूचं. पलीकडे गाणं जेवढं साफ होत गेलं, तेवढी इकडे दामूची खाट हलायला लागली.

त्याचं मागणं एकच होतं, नवापूरला जायचं. बहीण साखरबाई तिथं बोंबील सुकवते. तिनं घराची पडवी त्याच्यासाठी झाडून ठेवली होती. केदार म्हणे, "येत्या रविवारी नेतो." आणि रविवार उगवला की पाणसळ घेऊन आर्मपुढं वाकायचा. कारण तबकडी संपत आली की आर्म अडायचा, सुई तिथल्या तिथं. मग पाणसळीनं पातळी बघ, पायाखाली कागदाची घडी सरकव, मागचं वजन मागंपुढं कर. दिवस मावळून जायचा.

साखरबाईचा फोन आला. "दामू, कंपनीतली पोरं पडवी भाड्यानं मागतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत थांबते. मग बस तू तिकडं धूर खात."

"येतो गो."

"येतो गो! बोंबील वाळून काठी झालं, तुझं येतो गो अजून ओलंच."

दामूनं विचार केला. पोरगा वाईट नाय, ते यंत्र त्याला सोडत नाय. यंत्र चाललं की पोरगा सुटला, पोरगा सुटला की आपण सुटलो. केदार कामावर आणि हिमानी बाजारात गेल्यावर तो वॉकर ढकलत बाहेर आला. दांडीवर बोट फिरवलं. ठणठणीत कोरडी! नवापूरला उघड्या लोखंडाला येताजाता तेलाचं बोट लावतात. दाराच्या कडीलासुद्धा, नाहीतर खारा वारा खाऊन टाकतो. दामूनं खोबरेलाची बाटली काढली, दांडीला बाळाला चोळावं तसं तेल चोळलं आणि वर थोडं हवेच्या नळीतही सोडलं.

संध्याकाळी केदारनं पंप लावला. भोकांतून तेलाचे बुडबुडे निघाले आणि सुईची नळी दांडीला चिकटून बसली.

"बाबा! तेल लावलंस?"

"लावलं. पार सुकी होती."

"सुकीच पायजे ती! हवाच तिचं तेल!"

"मला काय ठावं? लोखंडाला मी कवा उपाशी ठेवलं नाय."

हिमानीला हसू फुटलं, पण नवऱ्याचं तोंड बघून तिनं ते गिळलं.

पुढचे रविवार स्पिरिट, कापूस आणि बारीक तार घेऊन भोकं मोकळी करण्यात गेले. त्यातच केदारला खरी मेख सापडली. सुईच्या ताठ वायरी आर्मला मागं खेचत होत्या. त्यानं त्या काढून केसासारख्या नरम वायरी लावल्या. आणि एक बदल घरात केला. दोघं बाहेर जाताना दामूच्या खोलीला बाहेरून कडी लावायला लागला. "रागानं नाय बाबा. एकटा फिरशील, पडशील."

महिन्याचा शेवटचा रविवार आला. पलीकडून केदार ओरडला, "बाबा, गेला! आर्म शेवटपर्यंत गेला!" दामूला ऐकू येत होता तो पंपच. तो उठून दारात आला.

"झालं ना? चल मग नवापूरला."

"दुसरी बाजू तेवढी बघतो."

दुसरी बाजू झाली. मग दुसरी तबकडी, मग तिची दुसरी बाजू. दामूनं खाटेवर बसून वाट बघितली, मग वाकून पंपाचं बटण बंद केलं. टाकीतली हवा थोडी पुरली. मग आर्म दांडीवर बसला आणि गाण्यातला एकच शब्द घोकू लागला.

केदार धावत आला. "सुई गेली असती माझी!"

"जाऊ दे. आज पडवी जाते माझी." दामू वॉकर घेऊन त्याच्या बाजूनं निघाला. दार उघडून वॉकर सोडला आणि पहिल्या पायरीवर बूड टेकलं. मग दुसऱ्या.

"बाबा, पडशील!"

"पडलो तर खालीच पडेन ना! वर तर नाय पडत!"

शेजारची दारं उघडली. केदार शरमला. दामूच्या पुढं होऊन, हात पसरून, उलट्या पायानं उतरायला लागला. मागून हिमानी वॉकर घेऊन आली. ढोपरातून कळा निघत होत्या. दामू प्रत्येक पायरीला शिवी हासडत खाली पोचला.

केदारनं खिसे चाचपले. "गाडीची चावी वर राहिली. आलोच."

"नको. वर गेलास की तू गेलास. रिक्षा थांबव."

केदार अनवाणीच होता. त्यानं एकदा वर बघितलं, मग रस्त्यावर जाऊन हात केला. दोघांनी उचलून म्हाताऱ्याला आत बसवलं. केदार शेजारी चढला.

"कहाँ जाना है, चाचा?"

"नवापूर," दामू पाय धरून म्हणाला. "और जल्दी चलाव. मेरे पडवीमें दुसरा आदमी सोनेवाला हाय."