टीव्हीतला काळा पट्टा

दिवाळीला मी अमरावतीहून अकोल्याला घरी पोचलो, चपला काढल्या आणि दारातूनच म्हणालो, "बाबा, टीव्ही खराब झाला ना!"

पंचावन्न इंची स्क्रीनच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, वीतभर रुंदीचा काळा पट्टा होता. बातम्या देणारी बाई नेमकी त्या पट्ट्यात सापडली होती. दोन बाजूंना तिचे झुमके तेवढे हलत होते. समोर खुर्चीत बाबा मान तिरपी करून बसले होते. त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं.

"मंजे, तुले बी दिसते?"

"कोनालेबी दिसन, बाबा. एवढा मोठा पट्टा हाय."

यावर ते हसले. खूप दिवसांनी हसलेल्या माणसासारखे, जरा उशिरा आणि मग थांबता न येणारे. टीव्ही बिघडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्या आनंदाचं कारण समजायला थोडं मागे जावं लागेल. बाबांनी जन्मभर जुन्या शहरात फुलं विकली. दोन वर्षांपूर्वी त्यांना झेंडू आणि शेवंतीतला फरक हात लावल्याशिवाय कळेना, तेव्हा आम्ही त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयामुळे डोळ्याच्या आत झीज होते आहे, ती सध्या हळू आहे. पण ज्या दिवशी मधोमध काळं दिसायला लागेल त्या दिवशी घरी थांबायचं नाही, लगेच यायचं. तेव्हा डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, आणि वेळेत दिलं तर आहे ती नजर टिकते. बाबांनी यातलं फक्त इंजेक्शन ऐकलं. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "डोयात सुई? आपन नाई येत मा इथं पुन्हा."

तो मोठा टीव्ही मी त्यानंतर घेतला. बाबांना कबड्डीचं वेड. क्रिकेटचा चेंडू त्यांना दिसत नसे, पण कबड्डीतली माणसं चांगली धिप्पाड असतात आणि मोठ्या स्क्रीनवर आणखीच धिप्पाड दिसतात. अमरावतीच्या ज्या शोरूममध्ये तो घेतला, तिथल्या मालकांना साध्या खरेदीचंही उद्घाटन करायची सवय होती. त्यांनी मला हार घातला, टीव्हीच्या खोक्याला नारळ दाखवला, फोटो काढला आणि विस्तारित वॉरंटीचं रंगीत प्रमाणपत्र पदवीदान समारंभात देतात तसं दोन्ही हातांनी दिलं. विस्तारित वॉरंटी हा मला नेहमीच गमतीचा कागद वाटत आला आहे. वस्तू उत्तम आहे असं दुकानदार आधी छातीठोकपणे सांगतो आणि लगेच ती बिघडेल तेव्हाची सोय विकतो. दोन्हींवर आपण एकाच श्वासात विश्वास ठेवतो.

तर हा पट्टा पडला उन्हाळ्याच्या शेवटी, आणि बाबांना वाटलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला दिवस आला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मान तिरपी करून, कडेकडेनं पाहत राहिले. मी फोन केला की कोण जिंकलं ते सांगत. नंतरनंतर तेही सांगेनासे झाले, तेव्हा मी मनाशी म्हटलं, वय झालं.

मी आईला विचारलं, "तुले दिसलं नाई का?"

"दिसलं नं. उनाया सरता सरताच दिसलं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"लेकानं देल्लेल्या वस्तूले नावं ठेवते का कोनी? अन् मले वाटलं, यायले दिसतच असन. थेच त पायतात दिवसभर."

आमच्याकडे हा रिवाज आहे. मुलानं आणलेली वस्तू कधी वाईट नसते. मिक्सर किंचाळत असेल तर त्याचा आवाज भारी असतो. स्वेटर दाटत असेल तर तो गरम असतो. अशा रीतीनं एकाच खोलीत, एकाच टीव्हीसमोर, एक माणूस भीतीपोटी आणि एक बाई चांगल्या वळणापोटी गप्प बसली होती, आणि दोघांच्या मध्ये तो पट्टा कोणाचीही अडचण न होता सुखानं नांदत होता.

"बरं झालं," मी म्हणालो. "पन आता आलोच हाव तर एकदा डोळे दाखवून येऊ."

"काहून?" बाबा म्हणाले. "खराबी टीव्हीत हाय नं? आत्ताच त तू म्हनला."

मी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना विचारला. त्यांनी तो तत्काळ सांगितला. दिवाळीत महिना कोणता हे सांगायला डोळे लागत नाहीत. मग चित्र कशाचं आहे ते विचारलं.

"देवाचं."

तेही बरोबरच होतं. आमच्या घरात दुसऱ्या कशाचं कॅलेंडर कधी लागलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या बिघडलेल्या टीव्हीनं बाबांना चांगलाच आसरा दिला होता. डोळ्यात काही नवीन झालं आहे की नाही हे जोवर तो पट्टा आहे तोवर कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि बाबांना नेमकं तेच हवं होतं. मी दवाखान्याचं नाव काढलं की ते टीव्हीकडे बोट दाखवत. दवाखान्याची वाट आता वॉरंटीवरून जात होती.

मी तक्रार नोंदवली. रोज फोन करू लागलो. बाबा मला थांबवू लागले.

"घाई नको करू. त्यायलेबी कामं असतात."

शेवंतीची एक टोपली सुकलेली निघाली म्हणून बाजारात सगळ्यांदेखत भांडणारा हा माणूस. आता कंपनीच्या अडचणी समजून घेत होता.

शेवटी इंजिनियर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात रिमोट. त्यानं दोन बटणं दाबली आणि निदान सांगितलं, "पॅनेल गेलं." एवढं मलाही दिसत होतं, पण त्यानं सांगितल्यावर ते अधिकृत झालं. मग त्याची नजर खिडकीकडे गेली. उन्हाळा संपल्यावर आई कूलरला जुनं लुगडं गुंडाळून ठेवते. ते लुगडं टीव्हीच्या अगदी समोर होतं.

"मावशी, हा कूलर इथंच असते का?"

आई चहा घेऊन आली होती. मी तिच्याकडे पाहून भुवया उडवल्या. भुवयांची भाषा तिला येत नाही.

"मंग कुठं असन, बापा? उनायाभर इथंच. दुपारी टीव्ही लय तपते, म्हून यायनं त्याचं तोंड टीव्हीकडेच करून ठेवलं. थोबी जरा गार रायते."

इंजिनियरनं लिहून घेतलं. पाहुण्यासमोर पंखा सरकवावा तसा बाबांनी टीव्हीकडे कूलर वळवला होता. स्वतः त्या झोताच्या बाहेर, बनियन घालून, पंच्यानं वारा घेत बसले असतील. आमच्या माणसांचं यंत्रांशी वागणं असंच आहे. मोटारसायकल तापली की तिला सावलीत नेतात आणि आपण उन्हात उभे राहतात.

कंपनीचा निरोप आला: ओलाव्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, उपकरण थंड व कोरड्या जागी ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. मी तो निरोप दोनदा वाचला. ज्यानं हे वाक्य लिहिलं तो भला माणूस असेल, पण तो मे महिन्यात अकोल्याला आलेला नाही. अकोल्यात मे महिन्यात कोरडी जागा भरपूर असते, ती भट्टीसारखी तापलेली असते. थंड जागा कूलरसमोर असते, ती ओली असते. थंड आणि कोरडी अशी जागा फक्त एटीएममध्ये सापडते, आणि तिथे टीव्ही ठेवू देत नाहीत.

बाबांना निरोप सांगितला तर म्हणाले, "नाई देत त नाई देत. पट्ट्याची सवय झाली आता."

ते इतक्या हलक्या सुरात म्हणाले की मी दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या अकोल्यातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. मॅनेजर माझ्याच वयाचे होते. मी भाषण तयार करून नेलं होतं, त्यात ग्राहकाचे हक्क होते आणि एक-दोन जड शब्दही होते. पण बसल्यावर पाहिलं तर त्यांच्या पाठीमागच्या खिडकीत कूलर, आणि त्याच्या तोंडासमोर दुरुस्तीला आलेल्या टीव्हींची रांग. मी भाषण सोडलं आणि तिकडे बोट केलं.

"साहेब, हे?"

त्यांनी वळून पाहिलं. परत माझ्याकडे पाहिलं.

"मंग उनायात काय उकडून मरू इथं?"

"तेच आमचे बाबा म्हणतात."

"तुमच्या बाबानं टीव्हीकडेच तोंड केलं होतं, साहेब. रिपोर्टमंदी लिवलं हाय."

"तुमी कोनाकडे केलं?"

ते हसले. मग म्हणाले, "कूलरचं कारण धरलं त खामगावपासून बडनेऱ्यापर्यंत एकाची वारंटी शिल्लक रायनार नाई." त्यांनी स्वतःच वरच्या ऑफिसला काहीतरी कळवलं. काय कळवलं ते मी विचारलं नाही. पुढे कळलं की त्या जातीचं पॅनेल आता बनतच नाही, म्हणून टीव्ही बदलून मिळेल.

ही बातमी अमरावतीच्या शोरूममालकांना माझ्याआधी कळली. त्यांचा फोन आला. त्यांनी 'भव्य ग्राहक समाधान सोहळा' ठरवला होता, नगरसेवक येणार होते, मला शाल मिळणार होती. बिघडलेल्या वस्तूच्या जागी चालणारी वस्तू देणं हा नियम आहे, त्याला शाल कशाला, असं मी विचारलं. ते दुखावले. शेवटी तडजोड झाली: सोहळा नाही, पण त्यांचा माणूस टीव्हीबरोबर अकोल्याला येईल आणि बाबांचे दोन शब्द मोबाइलवर घेईल.

संक्रांतीच्या आसपास टीव्ही आला. आईनं नवीन टीव्हीला कुंकू लावायला बोट पुढे केलं, मी ते स्क्रीनवरून खालच्या स्टँडकडे वळवलं. बाबा सकाळपासून दाढी करून बसले होते. मला वाटलं, व्हिडिओसाठी. जवळ गेलो तर खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले होते.

टीव्ही लागला. कबड्डीचाच सामना होता, रंग इतके भडक की खोली उजळली. पट्टा नव्हता. मी स्क्रीनकडे पाहायचं सोडून बाबांकडे पाहत राहिलो. त्यांची मान सरळ होती. मग ती जरा डावीकडे झुकली, मग उजवीकडे, मग पुन्हा सरळ झाली.

शोरूमच्या माणसानं मोबाइल समोर धरला. "बाबा, बोला आता. नवीन टीव्हीचं पिक्चर कसं वाटलं? एकदम क्लिअर?"

बाबांनी घसा साफ केला. "टीव्ही चांगला हाय. पट्टा गेला." त्यांनी खुर्चीचे हात सोडले. "मधोमध धुकट हाय थोडं. पन थे टीव्हीचं नाई. थे माहं हाय."

माणसानं मोबाइल खाली घेतला. "बाबा, धुक्याचं नका घेऊ नं. नुसतं क्लिअर म्हना. पुन्हा घेऊ."

"काहून? हाय त हाय."

"व्हिडिओ लोकं पायतात, बाबा."

"पाऊ दे. लोकायले त धुकं नाई नं?"

त्या माणसानं आणखी एकदा प्रयत्न केला, मग माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. तो खोके उचलून गेला.

आई कुंकवाचा करंडा हातात घेऊन तशीच उभी होती.

"कवापासून?"

"उनायापासून."

"अन् मले नाई सांगतलं?"

"तूनं तरी पट्ट्याचं कुठं सांगतलं?"

टीव्हीवर कोणीतरी पकडलं गेलं, प्रेक्षक ओरडले. आईनं करंडा ठेवला आणि रिमोट शोधून आवाज कमी केला, एरवी जे करायची तिची हिंमत नसे.

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंच्या सहायिकेनं विचारलं, पेशंटला मध्ये अंधार दिसतो की धूसर. मी बाबांना विचारलं.

"धूसर सांग," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "जरा काळंबी सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. मी फोन ठेवला तेव्हा ते स्क्रीनकडेच पाहत होते, खेळाडू पट्ट्यात न बुडता इकडून तिकडे जात होते.

"सुई मोठी असते का रे?"

"मले माहीत नाई, बाबा."

"दुखते?"

"थेबी माहीत नाई. विचारू आपन."

त्यांनी मान हलवली. मी खरं बोललो म्हणून त्यांना बरं वाटलं असावं, किंवा मला तसं वाटून घ्यायचं असेल.

"मंग उद्या बाहीर नको बसू," ते म्हणाले. "तूबी अंदर ये."