करंगळीची साखळी

त्र्याऐंशीच्या सुमारास भंडाऱ्यात एक कुजबुज फार चवीनं चघळली जायची: सेवकराम मास्तरांनी नदीपलीकडच्या कारध्याला बाई ठेवली आहे. पुरावा भक्कम. हा कंठीधारी विधुर, ज्याला कांद्याचाही वास सोसत नाही, तो दर मंगळवारी पूल ओलांडून कारध्याच्या खाटकाकडून बकऱ्याचं कलेजं घेतो म्हणे!

"सोतासाठी थोडीच नेते!" शेजारच्या देवकाबाई विहिरीवर डोळे मिचकावून म्हणायच्या. "तिले खाऊ घालते." ती कोण, ते मात्र देवकाबाईंनाही सांगता येत नसे. पण त्यानं कधी गप्पा अडतात होय?

मास्तर शाळेत रसायनशास्त्र शिकवीत. हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंना जोडणारा हलका दुवा, हा लाडका धडा. पोरांना रांगेत उभं करून करंगळीत करंगळी अडकवायला लावायचे. "मूठ नाई, लेकहो, करंगळी! हलक्यानं धरते, हलक्यानं सोडते, म्हणून तं निरोप पुढं जाते." एका टोकाला हिसका दिला की दुसऱ्या टोकाचं पोरगं हलायचं. त्यावरून त्यांचं नावच पडलं, करंगळी मास्तर.

घरात एकुलती लेक, कुंता. सांज झाली की तिला उंबरठा दिसेना, तांब्या दिसेना, बापाचं तोंड दिसेना. नागपूरचा डॉक्टर म्हणाला, हे जन्मतःच आलंय, औषध नाही. मास्तरांनी ते कानाआड केलं. रातांधळ्याला कलेजं, हा गावोगावचा इलाज. त्यात अ जीवनसत्त्व असतं, हे तर त्यांचंच शास्त्र. मग कंठी काढून खुंटीला लावायची अन् परसात तीन दगड मांडून स्वतः कलेजं भाजायचं. पोर नाक दाबून गिळायची.

"बाबूजी, तिखट तं जरा जास्त टाका. पाप लागाचंच हाय तं चवीनं लागू द्या."

एका मंगळवारी तिनं विचारलं, "उजेड डोळ्यात तं जाते. मग अडते कुठं?"

मास्तर खुलले. "डोळ्यातल्या पेशीच्या पापुद्र्यात एक प्रथिन आरपार बसलं असते. त्याच्या पोटात या कलेज्यातलं जीवनसत्त्व. उजेड लागला का ते जीवनसत्त्व वळते. तो हिसका हायड्रोजन बंधातून सरकत पापुद्र्याच्या आतल्या बाजूले पोचते, असा आता शास्त्रज्ञांचा अंदाज हाय. करंगळीची साखळीच समज!"

कुंतानं हातातला तुकडा परत ताटलीत ठेवला.

"म्हणजे हिसका देणाऱ्या पोराले तुम्ही खाऊ घालून राहिले. पण मधल्या एखाद्या पोराले करंगळीच नसन तं?"

मास्तरांनी चुलीतलं लाकूड उगाच मागं ओढलं.

"खा. थंडं होते."

तिनं खाल्लं.

पुढंही मंगळवार चुकला नाही. तिनं अडवलं नाही. अडवलं असतं तर इलाज फोल आहे हे बापाला तोंडानं कबूल करावं लागलं असतं. मग एका उन्हाळ्यात मास्तर पुडा घेऊन परतले, तेव्हा ती भर दुपारी अंगणात बसली होती. पावलांच्या चाहुलीकडं तोंड वळवून म्हणाली, "अंधारून आलं, बाबूजी. दिवा नाई लावला काहून?"

मास्तर आत गेले. दिवा लावून आणला आणि त्या रखरखत्या उन्हात तिच्याजवळ ठेवला.

कारध्याला कोणी बाई नव्हती. कलेजं कुंतासाठी होतं. त्याचा उपयोग नव्हता, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.