पश्याचं यान

प्रशांतनं आजाराशी झुंज वगैरे दिली नाही. तो कंटाळला आणि गेला.

आज वर्ष झालं.

सकाळपासून ग्रुपवर लोक त्याचा यानासमोरचा हसरा फोटो टाकताहेत. खाली 'जिद्दीला सलाम' लिहिताहेत. म्हणून मी हे लिहितोय. नाहीतर लिहिलं नसतं.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. प्रशांत, म्हणजे आमचा पश्या, साखरखेर्ड्याचा डेकोरेशनवाला. लग्नाचे स्टेज, वाढदिवसाच्या कमानी, जयंतीच्या मिरवणुकीतले देखावे. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. आता माझं मेहकरला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे.

लहानपणी शेजाऱ्यांकडे टीव्हीवर आम्ही अंतराळातली एक परदेशी सिरीयल बघायचो, हिंदीत डब केलेली. बाकी पोरं तिच्यातल्या हिरोवर फिदा होती. पश्या हिरोच्या यानावर.

चाळिशीला आल्यावर त्यानं ते यान घरामागच्या प्लॉटवर बांधायला घेतलं.

छोटं मॉडेल नाही. सिरीयलमध्ये होतं तेवढंच. एसटीपेक्षा लांब.

हिरो यानाच्या दारात उभा असलेला एक फोटो त्याला नेटवर सापडला होता. माणूस एवढा तर दार केवढं, दार एवढं तर यान केवढं, असं करत त्यानं सगळं माप काढलं.

मी म्हटलं, "काऊन बे? उडनार हाये का थे?"

"नाई."

"मंग?"

"मले एकडाव त्यात एकट्यानं बसाचं हाये. दार लावून. बस."

लोखंडी अँगलचा सांगाडा, वरून पत्रा, आतून प्लायवूड. पायलटची सीट भंगारातल्या जीपची. लग्नसराईत धंदा, बाकी दिवस यान.

त्याची बायको, रेखावहिनी, पत्रा धरून उभ्या राहायच्या आणि हा ड्रिल मारायचा. "लोकायचे नवरे घर बांधतात," म्हणायच्या. पण पत्रा सोडायच्या नाहीत.

गाव आधी हसलं. मग सेल्फी काढायला आलं.

एक म्हातारी मुद्दाम बघायला आली होती. "इमान हाये का रे बापू?"

"यान हाये, आजी."

"उडते?"

"नाई उडत."

"मंग कायले बांधलं?"

पश्या नुसता हसला. ग्रुपवर फिरतोय तो फोटो तेव्हाचाच.

मग एका लग्नात स्टेजचा पडदा बांधताना त्याच्या हातातून दोरी सुटली. नंतर पाना सुटायला लागला. नंतर चहाचा कप.

संभाजीनगरला दाखवलं. मी सोबत होतो. डॉक्टरांनी त्याच्यासमोरच सांगितलं. नसांचा आजार आहे. आधी हात, पाय, मग बोलणं, मग श्वास. बरं करणारं औषध नाही.

पश्यानं एकच विचारलं, "हात किती दिवस चालतीन?"

"नक्की सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चाल लवकर. दाराचं काम बाकी हाये."

मी शेगावला मंदिरात जाऊन आलो. त्याला सांगितलं नाही, त्याला ते पटलं नसतं. 

काही फरक पडला नाही.

पुढचं काम त्यानं खुर्चीत बसून करून घेतलं, मंडपाच्या माणसांकडून. बोलणं इतकं जड झालं की फक्त वहिनींना कळायचं. तो ओठ हलवायचा आणि वहिनी ओरडायच्या, "थो बोल्ट नाई, वरचा!"

असं करत यान झालं. खरंच झालं. वायरिंगसकट. आतल्या लाईट मी स्वतः जोडल्या.

ज्या दिवशी त्याला आत बसवायचं ठरलं, त्या दिवशी वहिनींनी त्याची दाढी केली. नवा शर्ट घातला. प्लास्टिकच्या खुर्चीला त्याला मंडपाच्या कापडानं बांधून आम्ही चौघांनी वर चढवलं.

आत भट्टी होती. उन्हाळा, आणि चारी बाजूंनी पत्रा.

सीटवर बसवल्याबरोबर तो एका बाजूला कलंडला. त्यानं ती सीट स्वतःच्या अंगमापानं बसवली होती, पण ते अंगच उरलं नव्हतं. एकानं खांदे धरले. वहिनींनी मान धरली. मी त्याचा हात उचलून यान चालवायच्या दांड्यावर ठेवला. बोटं मिटली नाहीत. हात घसरला.

मी लाईट लावल्या. मला वाटलं, आता हसेल.

"दार लावू का बे?" मी विचारलं.

तो काहीतरी बोलला.

"काय म्हणून राह्यला?"

वहिनी म्हणाल्या, "म्हंतात, एकट्यानं बसाचं होतं. उतरवा म्हंतात."

आम्ही उतरवलं.

कुणी एक फोटो काढला नाही. बरं झालं.

त्याची खाट मागच्या खिडकीजवळ असायची, यान दिसावं म्हणून. त्या संध्याकाळी त्यानं ती हलवायला लावली. भिंतीकडे तोंड करून.

त्यानंतर मी दर रविवारी जायचो. यानाचा विषय काढला की डोळे मिटून घ्यायचा. शेवटी शेवटी मी गेलो तरी मिटूनच घ्यायचा. मी बसून राहायचो. वहिनी चहा द्यायच्या.

एका सकाळी श्वास थांबला. वहिनी शेजारी होत्या. त्याच्या तोंडचा शेवटचा शब्द कोणता, मी त्यांना विचारलं नाही. बोलणं तर कधीच बंद झालं होतं.

या उन्हाळ्यात वादळात यानाचा पुढचा भाग उखडून शेजारच्या गोठ्यावर पडला. कुणाला लागलं नाही. पण लोक घाबरले, वहिनींना रोज बोलायला लागले. त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं.

मी गेलो तेव्हा गॅस कटरनं कापणं चालू होतं. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या.

"भाऊ, तुमाले यातलं काई पाह्यजे का?"



"नाई वहिनी."

खरंच काही नको होतं.

तर, 'जिद्दीला सलाम' लिहू नका. तो शेवटी खूप दुःखी होता, आणि आमच्यापैकी कुणालाही त्याचं काही करता आलं नाही. एवढं तरी खरं सांगावं.

पश्या, तुझी आठवण येते. रोज नाही येत, पण आली की दुकानात बसवत नाही.

जयभीम, दोस्ता.

— सुन्या