नव्याचं जुनं करणारी

आमच्या पुलाजवळच्या रस्त्यावर सगळे नवं विकतात. मावशी एकटीच नव्याचं जुनं करून द्यायची. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. थट्टा कसली, चाळीस वर्षं तिचं पोट त्यावर चाललं आणि लेकही त्यावरच लहानाची मोठी झाली.

ती काही माझी सख्खी मावशी नव्हे. माझं बॅगांचं दुकान आणि तिची खोली यांच्यामध्ये एक भिंत, तेवढंच नातं. पण माझी जीभ तिखट आणि तिची मुळातच कमी चालणारी, म्हणून आमचं बरं जमलं.

पुलापलीकडे दुसरा देश. इकडे कपडे, बूट, कोट स्वस्त. त्यामुळे सुट्ट्या लागल्या की पलीकडची माणसं बसगाड्या भरभरून यायची, आणि त्या तीन आठवड्यांच्या विक्रीवर आमचा अख्खा रस्ता वर्ष काढायचा. अडचण एकच होती. परत जाताना पुलावरच्या जकात नाक्यावर नव्या मालावर कर लागायचा आणि वापरलेल्याला कुणी विचारायचं नाही. म्हणून खरेदी आटपली की गिऱ्हाईक पिशव्यांसकट मावशीच्या दारात उभं राहायचं.

तिचं काम बघत राहावं असं होतं. आधी गळ्यामागची कंपनीच्या नावाची पट्टी उसवायची, कापडाला भोक न दिसता. मग कोट कोमट पाण्यातून काढून ओला असतानाच खुंटीला एका खांद्यावर टांगायचा, म्हणजे अंगात बसल्यासारखा वाकडा होतो. कोपरं आणि बाह्यांच्या कडा पाय घासायच्या वजरीने हलक्या हाताने घासायच्या. एक बटण काढून जरा वेगळ्या दोऱ्याने लावायचं. शेवटी खिशात चुरगळलेलं तिकीट नाहीतर गोळीचा चिकट कागद. "रिकामा खिसा म्हणजे नवा कोट," असं म्हणायची. नाक्यावरचे लोक डोळ्यांत तेल घालून बसायचे, पण तिच्या हातचा एक कपडा कधी पकडला गेला नाही.

लेक तिच्या मांडीशी बसून पट्ट्या उसवायला शिकली. पुढे ती पलीकडे नोकरीला गेली आणि तिकडेच लग्न केलं. आठ वर्षांत दोनदा आली, दोन्ही वेळा एकटी. मावशी तिच्याकडे कधी गेली नाही, कारण सुट्ट्या म्हणजे हंगाम, आणि एरवी लेकीला सवड नसायची. आता हे खरं कारण होतं, का दोघींनी मिळून ठरवलेलं निमित्त, ते मी तेव्हा विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या सरकारने नियम बदलला. घरच्यासाठी नेलेल्या सामानावरचा कर उठला. आमच्या रस्त्याने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. गिऱ्हाइकं दुपटीने आली, माझ्या बॅगा संपल्या, आणि मावशीच्या दारात चिटपाखरू फिरकेना. नव्या कोटांच्या पिशव्या मिरवत लोक तिच्या खिडकीवरून जायचे. ती आत वजरी धुऊन पुसून ठेवायची. कुणी विचारलं की म्हणायची, "चालायचंच." मला मात्र त्या वर्षी गल्ल्याकडे बघताना लाज वाटली.

शिवणाची किरकोळ कामं मिळत, पण दात कोरून पोट भरत नाही. पुढच्याच वर्षी थंडीत तिला खोकला धरला तो जाईना. मग एक दिवस लेकीचा फोन आला. सासूबाई म्हणतात, तुझ्या आईला सुट्टीत चार दिवस बोलवा, एकमेकींचा स्वभाव बघू, जमलं तर त्या इकडेच राहतील. मागची एक खोली रिकामी आहे.

मावशीने हे मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिचे डोळे भरले होते. मी दुकान ऐन हंगामात भावजयीच्या ताब्यात दिलं आणि तिला पोचवायला निघाले. एवढ्या सामानासकट तिला एकटीला कशी सोडणार?

नातीसाठी तिने कोट घेतला होता. निळा, आतून मऊ अस्तर, टोपीला कडेने लोकर. रस्त्यावरच्या सगळ्यात महागड्या दुकानातून. निघायच्या आदल्या दुपारी मी तिच्या खोलीत गेले तर तो कोट खुंटीवर एका खांद्याने लटकत होता.

"मावशी, हे काय केलंस? आता नव्यालाही सोडतात."

"त्यांचा काय भरवसा? ऐन पुलावर नियम फिरवतील. मग पोरीच्या हातात काय देऊ?"

"अगं, पण—"

"पट्टी ठेवलीय मी. कोपरंही जास्त नाही घासली."

जित्याची खोड, म्हटलं, आणि गप्प बसले. तिथेच चुकलं माझं. मी तो कोट हिसकावून दुसरा आणायला हवा होता.

नाक्यावर शिपायाने आमच्या पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. जांभई देऊन हातानेच पुढे जा म्हणाला. मावशी पुलावर थोडी थांबली. मला वाटलं खोकला आला.

घर नीटनेटकं होतं, विहीणबाईही वाईट नव्हत्या. मुद्दाम सांगते, कारण लोकांना विहीण म्हटली की खाष्टच लागते. त्यांनी मावशीला शेगडीजवळची खुर्ची दिली, खोकल्याची चौकशी केली, मागची खोलीही दाखवली. तिथे पलंगावर नवी चादर घातलेली होती. नात लाजत लाजत आजीजवळ आली, आणि मावशीने कोट काढला.

पोरीने तो लगेच अंगात घातला. विहीणबाईंनी बाही सारखी करायला हात पुढे केला आणि तो मनगटाशीच थांबला. कडा त्यांनी बोटांनी चाचपली. बटणाचा दोरा पाहिला. तेवढ्यात पोरीने खिशात हात घातला आणि गोळीचा चिकट कागद बाहेर काढला.

"आजी, हा कोणाचा आहे?"

विहीणबाईंनी कागद दोन बोटांत धरून घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काढ गं तो. आधी धुऊ या. कुठल्या मुलाच्या अंगावरचा असेल, काय माहीत."

मी मावशीकडे पाहिलं, मावशीने लेकीकडे. लेकीला एका नजरेत कळलं होतं. ते टाके, ते बटण तिच्याइतकं कोण ओळखणार? एक वाक्य पुरे होतं. पण ती खाली वाकून पोरीची बटणं काढत राहिली. मी तोंड उघडलं तर मावशीने पदराआडून माझा हात असा दाबला की बोटं दुखली.

चार दिवसांचे दोन झाले. विहीणबाई शेवटपर्यंत गोडच वागल्या, फक्त पोरीला आजीच्या खोलीत जाऊ दिलं नाही. खोकला आहे ना, म्हणाल्या. कोट पुन्हा दिसला नाही.

बसथांब्यावर लेक एकटी सोडायला आली. तिथे मला राहवलं नाही.

"तुला कळलं होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आई कशी कमावत होती ते यांना माहीत नाही. सासरे जन्मभर नाक्यावर नोकरीला होते. आई मोठ्या दुकानात शिवायला होती असं सांगितलंय मी."

मी बोलणारच होते, पण मावशीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरोबर केलंस. असलं घरात सांगू नये."

"आई, खोलीचं..."

"खोलीचं काय? इकडची हवा मला मानवणार नाही. दमट आहे. तूच सांग त्यांना, आईच नको म्हणाली."

लेक तिच्या गळ्यात पडून रडली. बस आली तशी मावशीनेच तिला बाजूला केलं.

बसमध्ये मला इतका संताप आला होता की मी खिडकीकडे तोंड करून बसले. अर्ध्या वाटेवर मावशी म्हणाली, "तू बोलणार होतीस ना तिथे?"

"हो. तू का अडवलंस?"

"कोट जुना निघाला तर आई गरीब ठरते," ती म्हणाली. "नवा निघाला असता तर लेकीला त्या घरात राहायला जड गेलं असतं."

मग तिने खोकून घेतलं, पदर नीट केला, आणि आपल्या गावचा थांबा आला की उठव म्हणून डोळे मिटले. ती झोपली नव्हती.